कापूस यवतमाळचा, शिलाई तिरुपूरची: एका जिल्ह्यात चार रोजगारबाजार कसे?

दिवाळी आटोपली की पुसद, दिग्रस, आर्णीच्या रस्त्यांवरून दोन प्रकारच्या गाड्या निघतात. पहिली पुण्याची स्लीपर ट्रॅव्हल्स. तिकीट नेहमीच्या दुप्पट, तरी सीट मिळत नाही. आत हिंजवडी, चाकण, भोसरीला परतणारी मुले-मुली असतात. दुसरी गाडी म्हणजे तांड्यावरून निघालेला ट्रक. त्यात भांडीकुंडी, शेळी, लहान मुले आणि कोयते. तो पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला जातो.

या दोन्ही गाड्या ज्या शेतांशेजारून जातात, तिथे त्याच दिवसांत पऱ्हाटी फुटलेली असते आणि शेतकरी सांगत असतो, ‘वेचणीला बाया भेटत नाहीत.’

एका बाजूला कामासाठी जिल्हा सोडणारे लोक आणि दुसऱ्या बाजूला माणसांअभावी झाडावर राहिलेला कापूस. ‘यवतमाळमध्ये रोजगार नाही’ हे नेहमीचे वाक्य या चित्राला पुरे पडत नाही. प्रश्न रोजगार आहे की नाही एवढाच नाही; तो कुठे साचतो, कोणत्या महिन्यांत असतो आणि तिथवर कोण पोहोचू शकतो, हा आहे.

मजूर नाहीत आणि कामही नाही, हे एकाच वेळी कसे?

कापसाचे काम वर्षभर सारखे नसते. जूनमध्ये लावणी, पुढे निंदण, डवरणी, फवारणी आणि ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत वेचणी. वेचणीत हात जितके असतील तितके कमी पडतात, कारण अवकाळी पाऊस आला तर फुटलेला कापूस भिजतो आणि भाव पडतो. फेब्रुवारीनंतर कोरडवाहू वावरात काम जवळजवळ संपते. पुढचे चार महिने काय करायचे?

ऊसतोडीत या प्रश्नाचे उत्तर आधीच मिळते. मुकादम हंगामापूर्वी उचल देतो. लग्न, आजारपण, घराचे पत्रे, सावकाराचे देणे यांसाठी ती रक्कम हातात एकदम पडते आणि पाच-सहा महिन्यांचे काम पक्के होते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. वेचणीचा दर किलोवर असतो, पैसे आठवड्याला मिळतात, पण ते दोन-तीन महिन्यांचेच. तांड्यावरच्या कुटुंबासाठी हा हिशेब सरळ आहे. त्यांना ‘कामचुकार’ म्हणणाऱ्यांनी एकदा तो कागदावर मांडून पाहावा.

सरकारी आकडेवारीत ही ओढाताण दिसत नाही. जुलै २०२३ ते जून २०२४ च्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात देशाच्या ग्रामीण भागातील बेरोजगारी अवघी २.५ टक्के होती, शहरांत ५.१ टक्के. म्हणजे खेडी सुखात आहेत? या मोजणीत वर्षभरात ३० दिवस काम केलेली व्यक्तीही रोजगारात धरली जाऊ शकते. घरच्या वावरात बिनपगारी राबणारा पदवीधरही ‘स्वयंरोजगारित’ असतो. गरीब माणसाला बेरोजगार राहणे परवडत नाही, तो काही ना काही करतोच. बेरोजगारीच्या दरात हे ‘काही ना काही’ उतरत नाही.

आणखी एक अडचण होती. हे सर्वेक्षण राज्य आणि देश पातळीसाठी आखलेले होते, त्यामुळे जिल्ह्याचे चित्र त्यातून नीट निघत नसे. जानेवारी २०२५ पासून नमुना निवडताना जिल्हा हे मूळ एकक धरले जात आहे. बदल चांगला आहे. पण यवतमाळच्या बाबतीत जिल्हा हे तरी योग्य एकक आहे का?

एक जिल्हा, पण बाजार चार

यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके आहेत, क्षेत्रफळ साधारण साडेतेरा हजार चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या २७ लाख ७२ हजार होती. एवढ्या पसाऱ्याचा एक ‘रोजगारबाजार’ नसतो. रोजगारबाजार म्हणजे घर न हलवता माणूस ज्या परिसरात काम शोधू शकतो आणि मालक जिथून माणसे मिळवू शकतो, तो परिसर. त्याची हद्द जिल्हाधिकारी ठरवत नाहीत. ती एसटीच्या वेळापत्रकावर, दुचाकीच्या पेट्रोलवर आणि सोयरिकीवर ठरते.

वणी, मारेगाव, झरी जामणी हा पूर्वेचा पट्टा चंद्रपूरचा भाग असल्यासारखा चालतो. वर्धा नदीच्या खोऱ्यातला कोळसा दोन्ही जिल्ह्यांत पसरलेला आहे. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी, कोळशाचे ट्रक, गॅरेज, वजनकाटे, ढाबे ही तिथली अर्थव्यवस्था. वणीचे रेल्वे स्थानकही माजरी-आदिलाबाद मार्गावर आहे. यवतमाळ शहराशी त्याचा रुळांचा संबंध नाही.

पुसद, उमरखेड, महागाव नांदेडकडे बघतात. दवाखाना, कोचिंग क्लास, मोठा बाजार, सगळे तिकडे. पैनगंगेकाठी ऊस आणि हळद आहे, तर वरच्या माळरानावर तांडे आणि स्थलांतर.

पांढरकवडा, घाटंजी, राळेगाव पट्ट्यातून नागपूर-हैदराबाद महामार्ग जातो. रस्ता उत्तम, त्यावरून जाणारा माल देशभराचा. पण तो इथे थांबतो तो फक्त चहासाठी. कोलाम आणि गोंड वस्त्यांना या महामार्गाने दिलेला रोजगार मोजायला फार वेळ लागणार नाही.

उरलेला यवतमाळ, नेर, बाभूळगाव, कळंब हा भाग अमरावती, वर्धा आणि नागपूरच्या ओढीत आहे. दारव्हा, दिग्रस, आर्णी मध्ये कुठेतरी.

याला इतिहासही आहे. १९०५ च्या वऱ्हाड पुनर्रचनेपूर्वी इथल्या जिल्ह्याचे नाव ‘वणी’ होते आणि पुसद तालुका वाशीम जिल्ह्यात होता. ब्रिटिशांनी महसुलाच्या सोयीसाठी तुकडे जोडले. महसूल एकत्र झाला, रोजगार झाला नाही.

कोणता रोजगार इथे थांबतो?

जो वजनाने बांधलेला आहे, तो.

शंभर किलो कापूस जिनिंगमध्ये घातला तर साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. शंभर किलो वाहून नेण्यापेक्षा इथेच रेचायचे आणि रुईच्या गाठी बांधून पाठवायच्या, हे स्वस्त. म्हणून जिनिंग-प्रेसिंग यवतमाळ, वणी, पांढरकवडा, राळेगावला आहे. तो हंगामी धंदा आहे. चार-पाच महिने यंत्रे धडधडतात, मग कुलूप.

एकदा १७० किलोची गाठ बांधली की ती कुठेही जाऊ शकते. किमतीच्या मानाने तिचे भाडे थोडे. पुढे सूतकताई, विणाई, रंगाई, शिलाई या प्रत्येक टप्प्यावर वजन फारसे घटत नाही, पण लागणारी माणसे वाढत जातात. सर्वाधिक हात लागतात ते शिलाईला, म्हणजे साखळीच्या अगदी शेवटी. आणि ती कडी यवतमाळपासून सर्वांत दूर आहे.

कोळशाचा आणि चुनखडीचा न्याय तोच. चुनखडी दूर नेणे महाग, म्हणून सिमेंट कारखाना खाणीजवळ. झरी जामणी तालुक्यातील मुकुटबनला बिर्ला कॉर्पोरेशनच्या समूहाचा वर्षाला ३९ लाख टन क्षमतेचा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला तो यामुळेच. कोळसा जड, म्हणून २,९२० मेगावॉटचे महाऔष्णिक केंद्र शेजारच्या चंद्रपुरात.

पण जमिनीने दिलेला हा रोजगार आता माणसांची संख्या वाढवत नाही. २००२-०३ मध्ये कोल इंडियात पाच लाखांहून अधिक कर्मचारी होते. २०२४ मध्ये ते सव्वादोन लाखांच्या आसपास उरले. त्याच काळात उत्पादन अडीच पटींहून अधिक वाढून २०२३-२४ मध्ये ७७ कोटी टनांवर गेले. उघड्या खाणीत मोठा डम्पर आला की फावडेवाले जातात. ज्यांची जमीन गेली त्यांच्या घरात एक नोकरी येते, बाकीच्यांना ठेकेदाराकडचे काम. वणीत पैसा दिसतो हे खरे, पण तो कोळसा असेपर्यंतचा आहे.

मग शिलाई तिरुपूरलाच का गेली?

तिरुपूरच्या आसपास फार कापूस पिकतो म्हणून नव्हे. देशातील सर्वाधिक सूतगिरण्या असलेल्या तमिळनाडूला लागणारा बहुतेक कापूस बाहेरूनच येतो. देशाच्या होजिअरी निर्यातीतला निम्म्याहून अधिक वाटा तिरुपूरचा. तिथे काय आहे? १९३० च्या दशकात पायकारा जलविद्युत प्रकल्पाची वीज कोइम्बतूर परिसरात पोहोचली, गिरण्या वाढल्या, त्यांना सुटे भाग पुरवणारे लोहारकाम उभे राहिले, त्यातून पंप आणि मोटारींचे कारखाने आले आणि शेजारी बनियनचा धंदा रुजला. एकाच्या जिवावर दुसरा.

घरचे उदाहरण इचलकरंजीचे. १९०४ मध्ये तिथे पहिला यंत्रमाग आला. इचलकरंजीही कापसाचा मुलूख नाही. पण शंभर वर्षांत तिथे जॉबर, वायंडर, मिस्त्री, सुताचा दलाल, उधारीवर माल देणारा व्यापारी, सुटा भाग तासाभरात आणून देणारा पोरगा अशी जी साखळी तयार झाली, ती कुठल्याही सरकारी योजनेत लिहून मिळत नाही.

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्येच हे मांडले होते. एकाच प्रकारचे कारखाने एका ठिकाणी आले की तीन फायदे होतात. कसबी माणसे सहज मिळतात, पुरवठादार जवळ येतात आणि कामातल्या युक्त्या चहाच्या टपरीवरही पसरतात. चाकणमध्ये नोकरी सुटली तर तरुण दुचाकीवर पाच किलोमीटर जाऊन दुसरी शोधतो. एकाकी कारखान्यात नोकरी सुटली तर थेट गाव सोडावे लागते. मालकाचेही तसेच. पन्नास सीएनसी ऑपरेटर हवे असतील तर भोसरीत आठवड्यात मिळतील. इतरत्र आधी शिकवावे लागतील, आणि शिकले की ते भोसरीला जातील!

पुण्याचेही हे एका दिवसात झाले नाही. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्याच दशकात टेल्को आणि बजाज. सुरुवात सरकारने केली हे विसरता येत नाही. पण पुढची चाळीस वर्षे ओढ बाजाराची होती.

कारखाना दिला की प्रश्न सुटतो का?

यवतमाळच्या लोहारा एमआयडीसीत १९९० च्या दशकापासून रेमंडचा डेनिम प्रकल्प आहे. कापसाच्या जिल्ह्यात थेट डेनिमचे कापड, ज्या ‘कापूस ते कापड’ स्वप्नाची भाषणे होतात, ते इथे प्रत्यक्षात आहे. तरीही त्याच्याभोवती जीन्स शिवणाऱ्या शेकडो छोट्या युनिटचे शहर उभे राहिले नाही. कापड इथे बनते, जीन्स दुसरीकडे शिवली जाते. एक मोठा कारखाना म्हणजे समूह नव्हे.

महाराष्ट्रात मागास भागांसाठी सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून आहे. तालुक्यांचे ‘अ’ पासून ‘ड+’ पर्यंत गट, जितका मागास तितकी जास्त सवलत. २०१६ पासून विदर्भ-मराठवाड्यातील उद्योगांना वीजदरातही सवलत दिली गेली. तरी उद्योग मुंबई-ठाणे-रायगड-पुणे पट्ट्यात साचत राहिले. कारण सवलत खर्च भरून काढते, कसबी माणसांचा साठा भरून काढत नाही. शिवाय सवलत प्रत्येक तालुक्यावर पातळ पसरली, तर समूह कुठेच जमत नाही. हे राजकारणाला अवघड जाते. प्रत्येक आमदाराला आपल्या तालुक्यात एमआयडीसीचा फलक हवा असतो.

घटनेतली तरतूदही अपुरी पडली. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळे ज्या कलम ३७१ (२) खाली १९९४ मध्ये आली, त्यात तांत्रिक शिक्षणाच्या पुरेशा सोयी आणि राज्य सरकारच्या सेवेत पुरेशी संधी यांचा उल्लेख आहे. खासगी रोजगार कुठे साचेल यावर त्या कलमाचा काही अधिकार नाही. एप्रिल २०२० मध्ये या मंडळांची मुदतही संपली. १९८४ चा दांडेकर समितीचा अहवाल आणि २०१३ चा केळकर समितीचा अहवाल अनुशेषाच्या चर्चेत अजून येतात, बहुतेक वेळा फक्त रकमेसाठी.

तांत्रिक शिक्षण मात्र खरोखर आले. पुसदला बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ मध्येच सुरू झाले. यवतमाळ शहरातही अभियांत्रिकी, तंत्रनिकेतन, वैद्यकीय महाविद्यालय आहे. चाळीस वर्षे जिल्हा अभियंते घडवतो आहे. पण मागणीविना पुरवठा वाढवला की तो दुसरीकडे जातो, आणि पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये बसलेली बहुतेक मंडळी हाच पुरवठा. २००१ ते २०११ दरम्यान पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ३० टक्क्यांनी वाढली, यवतमाळची जेमतेम १३ टक्क्यांनी. राज्याची वाढ १६ टक्के होती. जन्मदराने एवढी तफावत समजावता येत नाही.

रोजगार हमीच्या जिल्ह्याची गोष्ट

राज्याचे सर्वाधिक काळ मुख्यमंत्री राहिलेले वसंतराव नाईक पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. त्यांच्याच कारकिर्दीत, १९७२ च्या दुष्काळात, रोजगार हमीची कामे राज्यभर उभी राहिली. पुढे १९७७ चा कायदा झाला आणि २००५ चा केंद्राचा कायदा त्याच वाटेने आला. मागेल त्याला गावात काम, ही कल्पना या मातीतल्या नेतृत्वाच्या काळात राज्याला मिळाली आणि आज त्याच तालुक्यातले तांडे ऊसतोडीला जातात.

हा टोमणा नाही. रोजगार हमीने माणसे जगवली. पण ती उपासमारीवरचा इलाज होती, रोजगारबाजार तयार करण्याची योजना नव्हती. शिवाय तिची मजुरी काम मोजल्यावर येते, मुकादमाची उचल त्याआधी. वेळेवर न आलेली मजुरी उचलीशी स्पर्धा करू शकत नाही.

२००६ मध्ये विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पंतप्रधान पॅकेज आले. त्याचा भर कर्ज, सिंचन, बियाणे यांवर होता. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर ते समजण्यासारखे होते. मात्र शेतकऱ्याच्या घरातल्या दुसऱ्या मुलाला शेतीबाहेर काय काम मिळेल, हा प्रश्न तेव्हा बाजूला राहिला आणि आजही तिथेच आहे.

मग करायचे काय?

प्रत्येक तालुक्यात कारखाना हे उत्तर नाही. चार बाजारांना चार वेगळी उत्तरे लागतील आणि त्यातली काही जिल्ह्याबाहेर आहेत.

सर्वांत मोठे उत्तर रुळांवर आहे. ब्रिटिश काळात किलिक-निक्सन कंपनीची नॅरोगेज ‘शकुंतला’ यवतमाळहून मूर्तिजापूरला जायची, ती कापूस बाहेर नेण्यासाठी बांधलेली होती. ती बंद पडून वर्षे झाली. आता वर्धा-यवतमाळ-नांदेड हा सुमारे २८४ किलोमीटरचा ब्रॉडगेज मार्ग होतो आहे. त्यातला वर्धा-कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. पुढे यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड जोडले जाणार आहेत. चार तुटक बाजारांपैकी निदान दोन या मार्गाने एकमेकांना आणि नागपूर-नांदेडला जोडले जातील.

पण रूळ टाकणे वेगळे आणि रोजगारासाठी गाडी चालवणे वेगळे. कसारा मुंबईच्या सीएसएमटीपासून १२० किलोमीटर आहे, तरी तिथला माणूस मुंबईच्या रोजगारबाजारात आहे. कारण लोकल आहे, पास परवडतो आणि गाड्यांच्या वेळा कामाच्या वेळांशी जुळतात. यवतमाळहून नागपूर त्याहून थोडे लांब. रोज नाही, तरी आठवड्याला ये-जा करता आली तर बुटीबोरी आणि मिहान कक्षेत येतात. वर्धा तर रोजच्या कक्षेत. पहाटे निघणारी आणि संध्याकाळी परतणारी पॅसेंजर या मार्गावर नसेल, फक्त दूरच्या एक्स्प्रेस धावणार असतील, तर शकुंतलेने कापूस नेला तशी नवी गाडी माणसे नेईल.

दुसरे उत्तर अमरावतीत आहे. नांदगावपेठचे वस्त्रोद्योग क्षेत्र आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पायाभरणी झालेले हजार एकरांचे पीएम मित्र पार्क. हे यवतमाळला का नाही, म्हणून भांडण्यात अर्थ नाही. विदर्भात वस्त्रोद्योगाचा समूह जमायचा असेल तर तो एकाच ठिकाणी जमेल आणि अमरावतीला त्याची सुरुवात झाली आहे. यवतमाळने मागावे ते तिथे पोहोचण्याचे साधन. नेर, दारव्ह्याच्या आयटीआयमध्ये शिलाई यंत्राची दुरुस्ती आणि कापड तपासणीचे अभ्यासक्रम, मुलींसाठी सुरक्षित वसतिगृह आणि पाळीच्या वेळेला बस.

वणीचे काम वेगळे आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर खाणींच्या स्वामित्वधनातून जिल्हा खनिज प्रतिष्ठानला निधी येतो. तो सभामंडप आणि रस्त्यांवर संपवण्यापेक्षा कोळशानंतरच्या कसबांवर लावायला हवा. अवजड यंत्रांची दुरुस्ती, वेल्डिंग, विजेची कामे जाणणारी माणसे वणीत आजच आहेत, हा या जिल्ह्यातला सर्वांत जवळचा ‘समूह’. त्याच्याकडे कुणी समूह म्हणून पाहिलेले नाही.

आणि तांडे? त्यांचे स्थलांतर पुढच्या पाच वर्षांत थांबेल, असे सांगणे खोटे ठरेल. तोवर ते कमी घातक करता येते. मुकादमाच्या उचलीची लेखी नोंद, फडावर रेशन मिळेल अशी चालू ठेवलेली ‘वन नेशन वन रेशन कार्ड’ सोय, मागे राहणाऱ्या मुलांसाठी दिवाळीआधी उघडणारे हंगामी वसतिगृह. शेवटची गोष्ट तारखेची आहे. ट्रक नोव्हेंबरमध्ये निघतो. वसतिगृहाची मंजुरी डिसेंबरमध्ये आली, तर मूल तोवर फडावर पोहोचलेले असते.